नाव तेच, ब्रॅग दुसरा

आम्ही राहतो त्या अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या कॅरीहून दक्षिणेला तासाभरावर फेयेटव्हिल आहे आणि त्याला खेटून फोर्ट ब्रॅग. ८२व्या एअरबोर्न डिव्हिजनचा, म्हणजे छत्रीधारी सैनिकांचा हा अवाढव्य तळ.

१९१८ साली छावणी उभी राहिली तेव्हा तिला नाव दिलं जनरल ब्रॅक्स्टन ब्रॅगचं. जन्माने याच नॉर्थ कॅरोलायनाचा, पण यादवी युद्धात लढला गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडून. लुइझियानात त्याचा उसाचा मळा होता, गुलाम राबवून चालणारा. बरं, सेनापती म्हणून तरी थोर? १८६३ मध्ये चॅटनूगाला सपाटून मार खाल्ला आणि पद सोडलं. ज्या देशाशी लढला त्याच देशाच्या सैन्याने त्याचं नाव शंभर वर्षं मिरवलं!

२०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला आणि हा विषय तापला. ट्रम्प यांचा व्हेटो मोडून काढत काँग्रेसने कायदा केला आणि अशा नऊ तळांची नावं बदलली. जून २०२३ मध्ये आमच्याकडचा झाला फोर्ट लिबर्टी. इथले निवृत्त सैनिक मात्र बोलताना ‘ब्रॅग’च म्हणत राहिले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रॅग परतलं. आता गंमत बघा. दक्षिणेच्या सेनानींची नावं द्यायला कायद्याची आडकाठी, म्हणून संरक्षणमंत्री हेगसेथ यांनी त्याच आडनावाचा दुसरा सैनिक पुढे केला. रोलंड ब्रॅग, दुसऱ्या महायुद्धातला साधा शिपाई. शत्रूची रुग्णवाहिका पळवून त्याने जखमी सोबत्याला इस्पितळात पोचवलं, सिल्व्हर स्टार मिळवला. माणूस सन्मानाला पात्रच, पण आडनाव स्मिथ असतं तर त्याची आठवण कुणाला झाली असती? आपल्याकडच्या नामांतरात नाव बदलतं. इथे नाव जागेवर ठेवून माणूस बदलला. मला ही सरळसरळ पळवाट वाटते.

बाकीच्या तळांनाही हीच युक्ती लावली. व्हर्जिनियातला फोर्ट ली आता दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ई. ली याचा नाही, फिट्झ ली या कृष्णवर्णीय शिपायाचा. त्यासाठी आर्थर ग्रेग आणि चॅरिटी ॲडम्स या दोन कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांची, मधल्या काळात या तळाला दिलेली नावं मात्र पुसली गेली. आणि दक्षिणेच्याच एका सेनानीच्या नावाचा फोर्ट ए. पी. हिल? त्या आद्याक्षरांचा एक माणूस सापडेना, तर तिघांना एकत्र जोडलं: अँडरसन, पिन आणि हिल. तिघेही उत्तरेच्या सैन्यातले, म्हणजे मूळ हिलच्या विरुद्ध बाजूचे!