उरलेल्या तुकड्यांचा एप्रन

शिवणाच्या पिशवीत साठलेले तुकडे टाकवत नाहीत ना, मग एप्रन शिवा, फार डोकं लावावं लागत नाही. साधारण ८५ सेंमी लांब, ७० सेंमी रुंद जाडसर कॉटन घ्या आणि आधी धुऊन इस्त्री करा कारण कॉटन आटतं, तुकडेही धुवायचे, विशेषतः लाल आणि गडद निळे, नाहीतर रंग पसरतो.

कापड उभं मधोमध दुमडून वरचा, उघड्या बाजूचा (घडीकडचा नाही) कोपरा काखेसाठी गोलाकार कापला की दोन्ही बाजू सारख्या येतात.

आता खरी मजा, तुकडे एप्रनवर सजावट म्हणून शिवायचे. तुकडे जमिनीवर मांडून, हलवून बघा, फुलाफुलांच्या शेजारी प्लेन किंवा चेक्स, सगळंच प्रिंटेड घेतलं की डोळे गरगरतात. तुकड्यांच्या कडा अर्धा सेंमी आत दुमडून इस्त्री, टाचण्या, मग कडेला अगदी लागून टीप. मशीनला झिगझॅग असेल तर दुमडायचीही गरज नाही, फक्त टाके जवळजवळ हवेत. खिशावरचं डेकोरेशन मात्र खिसा जोडायच्या आधीच उरकायचं, नंतर टीप मारली तर खिसा एप्रनलाच शिवला जातो आणि हात कुठे घालणार! खिशाच्या तोंडाशी दोन्ही टोकांना टीप उलटसुलट मारा, ओढाताण तिथेच होते.

एप्रनच्या बाकी कडा दुहेरी दुमडून शिवून टाका. कमरेच्या नाड्या ९०-९० सेंमीच्या ठेवल्या तर बहुतेकांना पुढे आणून गाठ मारता येते, आणि दोन्ही वेगवेगळ्या प्रिंटच्या असल्या तरी काय बिघडतं, मला तर तशाच आवडतात.