अगला ग्रुप कब आएगा?

"दवाई है क्या, बेटा?"

उत्तराखंडातल्या हर की दून खोऱ्याच्या ट्रेकवर, वाटेतल्या ओसला गावात शिरताच एका आजीने माझ्या सॅकला हात लावून विचारलं. पाठीवर गवताचा भला मोठा भारा. तो खाली न ठेवताच तिने गुडघा दाखवला. चांगलाच सुजला होता.

आमच्या लीडरने मलमाची ट्यूब दिली. आजीने ती दाबून पाहिली, आत किती आहे याचा अंदाज घेतला आणि विचारलं, "अगला ग्रुप कब आएगा?"

हे वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

हर की दून साडेतीन हजार मीटरवर, म्हणून आमच्यासोबत ऑक्सिजनचं सिलिंडर. संध्याकाळी तंबूत प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडे वहीत लिहिले जातात. हे हवंच. पण त्याच वाटेवर देवदाराच्या घरांत, छपरांवर लाल राजगिरा वाळत घालून बारा महिने राहणाऱ्या या बाईचं औषध आमच्यासारख्या येणाऱ्याजाणाऱ्यांच्या भरवशावर?

बुग्याळं, म्हणजे तिथली उंचावरची कुरणं, जपायला उत्तराखंड उच्च न्यायालयाने 2018 मध्ये तिथल्या रात्रीच्या मुक्कामावर बंदी घातली. फार चांगलं केलं. गवताची काळजी घेतली जाते, मग गवत कापून वाहणाऱ्या गुडघ्यांची का नको?

पुण्यामुंबईहून दरवर्षी कितीतरी जण तिकडे जातात, त्यांत डॉक्टरही असतात. तुमच्यापैकी कुणी यंदा जाणार असाल, तर ओसल्यात अर्धा दिवस जास्त थांबाल का?