स्पेल्लोत, चार दिवस आधी

स्पेल्लोला माझ्याबरोबर दोनच माणसं उतरली. बाकीचा डबा पुढे असिसीला. बरंच झालं.

इटलीतल्या उंब्रिया प्रांतातलं हे गाव सुबासिओ डोंगराच्या उतारावर आहे, फिकट गुलाबी दगडांचं. खालची वेस, पोर्ता कोन्सोलारे, रोमन काळातली. कमानीवर तीन पुतळे आणि बाजूच्या बुरुजाच्या माथ्यावर चक्क एक ऑलिव्हचं झाड! आत शिरलं की चढ आणि गुडघ्यांची कुरकुर एकदमच सुरू होते.

मी आले होते ते सांता मारिया माज्जोरे चर्चमधली भित्तिचित्रं पाहायला. बाल्योनी घराण्यासाठी पिंतुरिक्कियोने ती १५०१ मध्ये पूर्ण केली. एका चित्रात देवदूत मारियाला येशूच्या जन्माची वर्दी देतोय. त्याच खोलीच्या भिंतीवर एक छोटी तसबीर टांगलेली दिसते. ती कोणा संताची नाही, चित्रकाराची स्वतःची! खाली नावाची पाटीसुद्धा. मोठ्या घरच्या लग्नात आचाऱ्याने हळूच घरच्यांच्या फोटोत उभं राहावं, तसा हा मारियाच्या घरात शिरलाय. चेहरा मात्र त्रासिक, मजुरी थकल्यासारखा. त्याच्या नावाचा अर्थ ‘छोटा चित्रकार’. मी देवदूतापेक्षा त्याच्याकडेच जास्त वेळ पाहत राहिले.

वेशीबाहेर २००५ साली पार्किंगसाठी खणताना रोमन हवेलीची मोझेइक फरशी सापडली. बदकं, रानटी जनावरं आणि वाइन ओतणारा एक माणूस. ते बघून कोल्लेपीनोच्या दिशेने जुन्या रोमन जलवाहिनीच्या कडेची पायवाट धरली. दोन्ही अंगांना ऑलिव्ह, खाली दरी. अर्ध्यातून परतले, पाणी संपलं होतं.

परतताना एका कमानीखाली चार आज्या फुलं खुडत बसलेल्या. रविवारी कॉर्पुस दोमिनी हा ख्रिस्ती सण, म्हणजे इथली इन्फिओराता: रात्रभर जागून गल्ल्यांमध्ये पाकळ्यांची चित्रं काढायची आणि सकाळी त्यांवरून मिरवणूक न्यायची. पालखीच्या वाटेवरच्या रांगोळीसारखंच. माझं परतीचं विमान शुक्रवारी. दोन दिवसांनी हुकलं! तारीख न बघता तिकिटं काढली की असं होतं.

एका आजीने हिरव्या पानांचा चुरा नाकाशी धरला. रानबडीशेप! हिरव्या रंगासाठी तीच वापरतात. मी खुणेने, जेवल्यावर आम्ही बडीशेप खातो, असं सांगितलं. तिला काय कळलं कोण जाणे, तिने स्टूल पुढे सरकवलं आणि पिवळ्या फुलांची टोपली माझ्या मांडीवर ठेवली.

साडेपाचची गाडी गेली. सातच्या गाडीत बसले तेव्हाही नखं पिवळी होती.