हातचा

सातवी ‘ब’च्या वर्गाची खिडकी चिंचेच्या झाडाकडे उघडायची. मी त्या खिडकीशी बसायचे आणि गणिताच्या तासाला बाहेरच बघत राहायचे. फळ्याकडे बघितलं की मनात एकच वाक्य सुरू व्हायचं, ‘तू ढ आहेस.’

वर्गात मला तसं कुणी म्हटलं नव्हतं. घरी एकदा पाहुण्यांपुढे ‘हिच्या डोक्यात काही शिरत नाही’ असं बोललं गेलं. त्यानंतर ते रोज म्हणायचं काम मीच अंगावर घेतलं. त्यात मराठीच्या तासाला कळलं, की ब्राह्मी लिपीपासून आतापर्यंत बाकीची अक्षरं बदलत गेली, पण ‘ढ’ जवळजवळ होता तसाच राहिला. म्हणून ज्याच्यात काही फरक पडत नाही त्याला ढ म्हणायचं. वर्गाला गंमत वाटली. मी मात्र घरी येईपर्यंत गप्प होते. आपण कधी बदलणार नाही, याचा पुरावाच मिळाल्यासारखं वाटलं.

१९८६ च्या सहामाहीनंतर गणिताच्या बाईंनी नफा-तोट्याची दहा उदाहरणं घातली. माझी सात बरोबर आली, तीन चुकली. त्या तिनांच्या शेजारी समासात मी पेन्सिलीनं बारीक अक्षरात ‘मी ढ’ असं लिहिलं होतं. खोडायचं राहून गेलं आणि वही बाईंकडे गेली.

बाई रागावल्या नाहीत. मधल्या सुट्टीत मला टेबलाशी बोलावलं, समासावर बोट ठेवलं आणि अगदी खरंच विचारल्यासारखं विचारलं, “अगं, हे कुठल्या गणिताचं उत्तर?”

मला काही बोलता येईना. मग त्यांनी वहीचं पान मधोमध दुमडलं. म्हणाल्या, “मनात आलं ते डावीकडे लिही. काय चुकलं ते उजवीकडे.” ४७ रुपयांच्या आठ घागरींची किंमत मी ३२६ काढली होती. सात आठे छप्पन्न, सहा मांडले, हातचे पाच तसेच राहिले. डावीकडे लिहिलं, ‘मी ढ आहे.’ उजवीकडे लिहिलं, ‘हातचे ५ मिळवायला विसरले.’ दोन्ही ओळी शेजारी शेजारी बघितल्या तेव्हा पहिल्यांदाच जाणवलं, की उजवीकडच्या ओळीवर आज संध्याकाळी घरी बसून काही करता येईल. डावीकडच्या ओळीवर नुसतं रडता येत होतं.

ती वही मी दहावीपर्यंत ठेवली. मग शाळा सुटली तशी वहीही सुटली.

पुढे मी तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत कॅशिअर झाले. नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी कॅश जुळेना. दोन हजार कमी. तीन वेळा मोजली, शेवटी पैसे पदरचे भरले आणि घरी गेले. ती रात्र मला अजून आठवते. ‘माझ्या हातून कधीच काही धड होत नाही. आता माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. नोकरी जाणारच.’ दुसऱ्या दिवशी सकाळी व्हाउचर ताडून पाहताना सापडलं, की ५,२०० रुपये दिल्याची पावती मी किर्दीत ३,२०० अशी चढवली होती. एक आकडा चुकला होता. रात्रभर मी स्वतःला जे जे बोलले होते, त्यातल्या एकाही वाक्याला व्हाउचर नव्हतं.

याच सुमारास गावच्या वाचनालयात विवेकनिष्ठ मानसोपचाराबद्दल मराठीत वाचायला मिळालं. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५५ च्या सुमारास ही पद्धत मांडली, आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती मन लावून रुजवली. घटना आणि त्रास यांच्या मध्ये आपण स्वतःशी म्हटलेलं एक वाक्य असतं, असं एलिस सांगतो. कॅश कमी येणं ही घटना. रात्रभर झोप न लागणं हा त्रास. मधलं वाक्य होतं, ‘कॅशिअरच्या हातून चूक होताच कामा नये.’ हा ‘होताच कामा नये’ माझ्या मनात इतका खोल बसला होता, की तो विचार आहे हेच मला कळत नव्हतं. ॲरन बेक या मनोविकारतज्ज्ञाला १९६० च्या दशकात उदास रुग्णांशी बोलताना हेच दिसलं. बोलण्याच्या आड विचारांची आणखी एक धार चालू असते. ती इतकी झरझर येते, की माणूस ती तपासत नाही, खरीच धरून चालतो.

मी ती धार ओळखायला शिकले ती काही शब्दांवरून. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘काहीच’, ‘सगळं’. स्वतःविषयी बोलताना यातला एक जरी शब्द आला, की मी थांबते आणि व्हाउचर मागते. नेहमी म्हणजे किती वेळा? या महिन्यात किती दिवस कॅश जुळली?

एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे, कारण आमच्या भाचरंडांच्या मोबाईलवर याच्या उलटं फार येतं. आरशापुढे उभं राहून ‘मी हुशार आहे, मी सुंदर आहे’ असं रोज म्हणा, म्हणे. त्यालाही व्हाउचर नसतं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं, की ज्यांचं स्वतःबद्दलचं मत मुळातच वाईट असतं, त्यांना अशी गोड वाक्यं घोकून बरं वाटण्याऐवजी जास्त वाईट वाटतं. मला ते पटतं. सातवीत बाईंनी मला ‘तू हुशार आहेस’ असं सांगितलं असतं, तर माझा विश्वास बसला नसता. ‘हातचा विसरलीस’ यावर बसला, कारण ते खरं होतं. ‘चूक होताच कामा नये’च्या जागी आता माझं वाक्य आहे, ‘चूक होऊ नये असं मला मनापासून वाटतं. झाली तर शोधीन.’ ते गोड नाही, पण रात्री झोप लागते.

वहीनं सगळंच भागतं असं मात्र नाही. आठवडेच्या आठवडे झोप उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर डॉक्टरांकडेच जायला हवं. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. आमच्या काळी असं काही नव्हतं, असतं तर आमच्या बॅचमधल्या एकदोघांना मी तो नंबर नक्की दिला असता.

स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा मनात पहिलं वाक्य आलं, ‘तुला कुठलं लिहायला जमतंय.’ ते डावीकडे लिहिलं. उजवीकडे लिहिलं, ‘अजून सुरुवात केलेली नाही.’ आणि बसले.

काल हा मजकूर बाईंना फोनवर वाचून दाखवला. त्यांचं वय आता ऐंशीच्या पुढे आहे, ऐकायला कमी येतं, म्हणून काही ओळी दोनदा वाचल्या. घागरींच्या गणितापाशी त्यांनी मला थांबवलं.

“मग किती आलं उत्तर?”

“तीनशे शहात्तर, बाई.”

“हां,” त्या म्हणाल्या, “वाच पुढे.”