बॉनेटवरच्या तीन कमानी

त्या दिवशी चार पत्रे रंगायचे होते: दोन मडगार्ड, डिकीचं झाकण आणि बॉनेट. गाडी जुनी, मालक हौशी, रंग गडद निळा. गडद रंग काहीच पोटात घालत नाही. पांढऱ्यावर खपून जाणारा ओरखडा निळ्यावर लांबूनही दिसतो.

मडगार्ड आणि डिकी छान उतरली. बॉनेटवर बेस कोटचा, म्हणजे मूळ रंगाच्या थराचा, पहिला हात मारला, गन खाली केली आणि बघतच राहिलो. रंग जागोजागी मागे सरकत होता. मसुराच्या दाण्याएवढे खड्डे, मधोमध उघडा राखाडी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, आणि भोवती रंगाची कड. फिशआय. माशाचा डोळा अगदी असाच दिसतो.

मग जे करायचं नसतं तेच मी केलं. इतकी वर्षं काम करूनही हात थांबला नाही. खड्डे बुजतील या आशेने वर दुसरा भरघोस हात मारला. खड्डे बुजले नाहीतच, उलट खोल झाले, आणि पुढच्या वळलेल्या कडेवर ओघळ आला तो वेगळाच. बुजणार तरी कसे? तेल, मेण किंवा सिलिकॉन लागलेल्या जागेचा पृष्ठताण रंगापेक्षा कमी असतो. ओला रंग तिथे पसरायचं सोडून अंग चोरतो. वर आणखी ओतलं तर जास्त रंग अंग चोरतो, एवढंच.

हाताखालचा पोरगा म्हणाला, “दादा, ती फिशआयवरची बाटली टाकू का रंगात?”

मी नको म्हणालो. त्या बाटलीतही बहुधा सिलिकॉनच असतं. सगळ्या रंगाचाच पृष्ठताण उतरतो आणि तो घाणीवरूनही पसरतो. पण त्याचे तुषार बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीत, आणि गनमध्ये उरले, तर पुढच्या गाडीला तोच रोग.

पहिला संशय कॉम्प्रेसरवर. पाइपमधून तेल येत असेल म्हणून स्वच्छ आरशावर बराच वेळ नुसती हवा सोडली. आरसा कोरडा. शिवाय तीच हवा, तीच गन आणि त्याच डब्यातला रंग बाकी तीन पत्र्यांवर नीट बसला होता. दुसरा संशय पेंट रिमूव्हरवर. बॉनेटच्या वरच्या पत्र्याला आम्ही वाळूचा मारा करत नाही. पत्रा पातळ, माऱ्याने ताणतो आणि लाटा येतात, मग तो कधीच सरळ होत नाही. म्हणून जुना रंग रिमूव्हरनेच काढला होता. पण त्याचा अंश उरला असता तर प्रायमरच उठला असता. प्रायमर तर घट्ट होता.

टॉर्च आडवी धरली तेव्हा दिसलं. खड्डे विखुरलेले नव्हते. पुढच्या कडेपासून निघून ते कमानीसारखे आत वळले होते. एकाशेजारी एक, तीन कमानी. मी फडकं फिरवतो तेव्हा हात असाच वळतो. सकाळी ६०० नंबरच्या पेपरने पाणी लावून घासल्यावर बॉनेट मीच पुसलं होतं, कडेपासून सुरुवात करून, एकाच फडक्याने.

बॉनेटचा वरचा पत्रा कडेला दुमडून आतल्या सांगाड्यावर चेपलेला असतो. त्या दुमडीत पेपर पोहोचत नाही, रिमूव्हर तर मुद्दामच लांब ठेवतात. तिथे रंग वाळवायचा उष्णतेचा दिवा लावून कड कोमट केली आणि पांढरा टिश्यू दाबून धरला. टिश्यूवर तेलकट, आरपार दिसणारी रेघ उमटली. प्रायमर लवकर वाळावा म्हणून मी हाच दिवा लावला होता. त्या उष्णतेने दुमडीतलं तेल बाहेर काढलं, आणि घासताना व पुसताना मी ते बॉनेटभर नेलं.

पुढचे दोन दिवस त्यातच गेले. रंग कडक होऊ दिला. घासण्याआधी ग्रीस रिमूव्हरने पुसलं: एका फडक्याने ओलं, आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचललं. हा क्रम सकाळी मी उलटा केला होता. आधी घासलं की पेपर ती घाण ओरखड्यांत दाबून बसवतो, मग वरून कितीही पुसा. दुमडीत थिनर सोडला, हवा मारली, कड तापवली, टिश्यू दाबला. पाचव्या वेळी टिश्यू कोरा निघाला. पुढची पट्टी पार पत्र्यापर्यंत घासली आणि त्यावर स्वच्छ पाणी ओतलं. थेंब न होता पाणी सलग पसरलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला. लगेच पुसून, कोमट हवेने वाळवून, हातमोजे न काढता त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारला. उघड्या लोखंडावर काही तासांतही तांबूस झाक येते, आणि घामट बोट लागलं तर तिथे हमखास. दुमड सीलरने बंद केली.

या वेळी बेस कोटचे हात पातळ ठेवले. प्रत्येक हात निस्तेज दिसेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबलो. घाई केली की वरची साय धरते, खाली अडकलेलं थिनर ती फोडून बाहेर येतं आणि टाचणीएवढे फोड उठतात. क्लिअरला, म्हणजे सगळ्यात वरच्या पारदर्शक थराला, फक्त एक धुळीचा कण बसला. धुळीला सगळे घाबरतात. मला विचाराल तर तोच सगळ्यात सरळ दोष: वर बसतो, दिसतो, २००० नंबरचा पेपर आणि पॉलिश एवढ्यात जातो.

मालक बॉनेट न्यायला आले. त्यात तोंड पाहून झाल्यावर मी सहज विचारलं, “बिजागऱ्या, पुढचं लॉक, काही कुरकुरत होतं का पूर्वी?”

“फार!” ते खुशीत म्हणाले. “पण मी वर्षभर सिलिकॉन स्प्रे मारत होतो ना. तुमच्याकडे द्यायच्या आदल्या दिवशी तर अख्खा डबा रिकामा केला. काढताना बोल्ट कसे लोण्यासारखे निघाले असतील!”

पोरगा फडक्यांच्या घड्या घालत होता. त्याने मान वर केली नाही, पण खांदे हलत होते.