तुम्ही विचारलंत म्हणून: पिट्युटरी आणि बसलेली गाय

"डॉक्टर, मेंदूखालच्या त्या पिट्युटरी ग्रंथीचाच खेळ ना हा? मग तिच्यावरच औषध का नाही देत?" व्यायलेली गाय गोठ्यात बसली आणि उठेनाशी झाली की हल्ली हा प्रश्न हमखास येतो. मोबाइलवर वाचलेलं असतं. त्या वेळी माझ्या एका हातात कॅल्शियमची बाटली असते आणि दुसऱ्यात स्टेथोस्कोप, म्हणून उत्तर राहून जातं. आता निवांत सांगतो.

खेळ पिट्युटरी सुरू करते, हे खरं. व्यायच्या सुमारास तिच्यातून प्रोलॅक्टिन हे हार्मोन भसाभस सुटतं आणि कास कामाला लागते. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिनमुळे, तेही तिथूनच रक्तात उतरतं. पुढे दूध टिकतं ते मुख्यतः ग्रोथ हार्मोनवर. पण एवढ्या दुधाला कॅल्शियम कुठून आणायचं, हे पिट्युटरी बघत नाही. ते काम गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं, आणि त्या काही पिट्युटरीच्या हाताखाली नाहीत. थायरॉइडला वरून हुकूम येतो, यांना येत नाही. रक्तात कॅल्शियम किती आहे हे त्या स्वतःच ओळखतात आणि स्वतःच ठरवतात.

आता हिशेब बघा. गाईच्या रक्तात एका वेळी फिरणारं कॅल्शियम जेमतेम 3 ग्रॅम. 10 लिटर चीक काढला, की 23 ग्रॅमच्या आसपास गेलं. ही तूट भरायला आतड्याला साधारण एक दिवस लागतो, हाडांना दोन. तेवढ्यात रक्तातलं कॅल्शियम घसरतं आणि गाय बसते. कान गार, मान वळवून तोंड कुशीवर टेकवलेलं, शेण बंद. नाव दुग्धज्वर, आणि अंगाला हात लावावा तर थंडगार!

1897 साली डेन्मार्कमधल्या कोल्डिंगच्या श्मिट नावाच्या पशुवैद्याने यावर उपाय म्हणून सडांतून कासेत पोटॅशियम आयोडाइडचं पाणी सोडलं. कासेत विष तयार होतं अशी त्याची समजूत. पुढे लोक नुसती हवा भरू लागले, तरी गाई उठायच्या. कास टम्म फुगली की दूध बनणं थांबतं, कॅल्शियम रक्तातच राहतं. उपाय बरोबर, कारण साफ चुकीचं. मला हा किस्सा फार आवडतो.

पिट्युटरीचा खनिजांवर थेट हात नाहीच, असंही नाही. ग्रोथ हार्मोनमुळे मूत्रपिंड फॉस्फरस धरून ठेवतं. वासराच्या रक्तात तो गाईपेक्षा जास्त असतो, त्यामागे हेही एक कारण.

माझं खरं भांडण आहे ते वेगळ्याच गोष्टीशी. "गाय आटवलीय, म्हणून रोज कॅल्शियम पाजतोय," असं कौतुकाने सांगणारे भेटतात. अहो, तेच नको! आयतं मिळालं की पॅराथायरॉइड सुस्तावते. त्यात वर लसूण घास पोटभर. त्यातल्या पोटॅशियममुळे रक्त अल्कलीकडे झुकतं आणि पॅराथायरॉइडने कितीही हाका मारल्या तरी हाडं आणि मूत्रपिंड दाद देत नाहीत. व्यायच्या आधीचे शेवटचे तीन आठवडे तरी हे दोन्ही आवरा.

शिरेतली बाटली मी सावकाश सोडतो, हृदयाचे ठोके ऐकत. घाई केली तर हृदयच थांबायचं. अर्ध्यावर आली की मांड्या थरथरतात, गाय ढेकर देते, कोरड्या नाकावर घामाचे थेंब उभे राहतात. मग शेण पडतं आणि मालक हसतो.

"डॉक्टर, चीक सगळा पिळू का आता?"

"आज वासरापुरताच काढा."