आमची वाटचाल : अल्फा-५ कोलाजेनच्या तपासणीपर्यंत

पुण्यातील आमची छोटी प्रयोगशाळा सुरू झाली ती मूत्रपिंडाच्या आणि त्वचेच्या बायॉप्सींच्या इम्युनोफ्लुरोसन्स तपासणीसाठी. आयजीए नेफ्रोपॅथी, ल्युपस, पेम्फिगस अशा आजारांत ऊतीमध्ये साचलेली प्रतिपिंडे (ठरावीक लक्ष्याला जाऊन चिकटणारी प्रथिने) चमकदार रंग लावल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमकतात; ती कुठे आणि कशा रीतीने चमकतात हे कळवणे हे आमचे नेहमीचे काम असून प्रयोगशाळेचा खर्च आजही त्यावरच भागतो. आमच्या कामाला खरी शिस्त लावली ती मात्र अशा एका तपासणीने, जिच्यात काहीही न चमकणे हेच निदान असते.

ही तपासणी अल्पोर्ट सिंड्रोमची. लघवीतून रक्त जाणे, मूत्रपिंडे हळूहळू निकामी होणे आणि बहिरेपणा हे एकाच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या आढळते आणि पुरुषांना त्याचा फटका अधिक बसतो, असे सेसिल अल्पोर्ट यांनी १९२७ साली नोंदवले होते. कारण उलगडायला १९९० साल उजाडले. मूत्रपिंडातील गाळणीचा जो अत्यंत पातळ पापुद्रा, म्हणजे बेसमेंट मेम्ब्रेन, तो कोलाजेन-४ या प्रथिनाच्या अल्फा-३, अल्फा-४ आणि अल्फा-५ या तीन साखळ्यांच्या पिळाने बनतो, आणि बहुतेक रुग्णांत एक्स गुणसूत्रावरील अल्फा-५ चे जनुक बिघडलेले असते. हीच अल्फा-५ साखळी त्वचेच्या बेसमेंट मेम्ब्रेनमध्येही असते. त्यामुळे लहान मुलाच्या मूत्रपिंडात सुई न घालता त्वचेच्या छोट्याशा तुकड्यावरही पुष्कळ काही सांगता येते. आजारी मुलग्याच्या त्वचेत अल्फा-५ ची चमकणारी रेघ बहुधा पूर्णपणे नाहीशी झालेली दिसते. त्याच्या आईच्या त्वचेत बहुधा ती तुटक दिसते, कारण तिच्या काही पेशींत निरोगी एक्स गुणसूत्र चालू असते आणि काहींत सदोष.

कोलाजेन-४ च्या साखळ्या एकूण सहा असून त्या एकमेकींशी बऱ्याच मिळत्याजुळत्या आहेत. म्हणून त्यांतली अल्फा-५ नेमकी शोधायला मोनोक्लोनल प्रतिपिंडच हवे : एकाच पेशीच्या वंशातून तयार झालेले आणि अल्फा-५ वरील एकच ठरावीक जागा ओळखणारे. आम्ही निवडलेले प्रतिपिंड उंदरापासून नव्हे, तर मोठ्या उंदरापासून, म्हणजे रॅटपासून मिळवलेले आहे. त्यामुळे त्याला चिकटणारे चमकदार दुय्यम प्रतिपिंडही रॅटविरोधीच घ्यावे लागले आणि संपूर्ण पद्धत नव्याने बसवावी लागली.

रेघ दिसली नाही, याची कारणे अनेक असू शकतात. नमुना वाटेत सुकलेला असेल, कोणी तो सवयीने फॉर्मलिनमध्ये टाकलेला असेल, प्रतिपिंड मे महिन्याच्या उन्हात कुरिअरच्या गोदामात तापलेले असेल. यांपैकी काहीही घडले असता निरोगी मुलावर आयुष्यभराच्या आजाराचा शिक्का बसू शकतो, आणि या एका विचाराने आमची सगळी कार्यपद्धती ठरली. कोल्हापूर, सोलापूर, नांदेड येथील डॉक्टरांना आम्ही नमुना वाटेत टिकवणाऱ्या मिशेल द्रावणाच्या बाटल्या आधीच पाठवून ठेवतो. आलेले प्रतिपिंड लहान लहान कुप्यांत वाटून गोठवतो, जेणेकरून ते पुन्हापुन्हा वितळवावे लागू नये. प्रत्येक नव्या लॉटचे योग्य विरलन निरोगी त्वचेवर तपासून मगच ते वापरात आणतो. रुग्णाच्या ऊतीच्या छेदाशेजारी (पातळ कापाशेजारी) त्याच काचपट्टीवर निरोगी त्वचेचा छेद असतोच. याशिवाय रुग्णाच्याच ऊतीवर अल्फा-१ साखळीची तपासणी होते, कारण ती अल्पोर्टच्या रुग्णातही शाबूत असते. अल्फा-१ ठळक, शेजारच्या निरोगी त्वचेत अल्फा-५ ठळक आणि रुग्णात अल्फा-५ नाही, असे तिन्ही जुळल्याखेरीज आमच्याकडून ‘अभाव’ हा शब्द अहवालात लिहिला जात नाही. जुळले नाही तर आम्ही तपासणी पुन्हा करतो किंवा नवा नमुना मागतो, आणि त्याचे पैसे घेत नाही.

व्यवसाय म्हणून पाहिले तर हे प्रतिपिंड परवडत नाही. रुग्ण मोजके आणि कुपीची मुदत ठरलेली. तरीही ते आम्ही कायम साठ्यात ठेवतो. लघवीत प्रथिने जातात म्हणून ज्या मुलाला स्टेरॉइडचे डोस दिले जात आहेत, त्याला अल्पोर्ट असेल तर त्यांचा उपयोग नसतो. त्याला रामिप्रिलसारखे औषध लवकर मिळाले तर मूत्रपिंड निकामी होणे पुढे ढकलता येते. पुढे प्रत्यारोपणाची वेळ आली आणि आई मूत्रपिंड द्यायला तयार झाली, तर तिचीही आधी नीट तपासणी झालेली असावी लागते.

जनुकीय चाचण्या आवाक्यात आल्यावर या तपासणीची मागणी घटली, आणि ते योग्यही आहे, कारण पहिला मान आज त्या चाचणीचाच आहे. काही वेळा मात्र तिच्या अहवालात असा बदल सापडतो, ज्याचा अर्थ निश्चित लावता येत नाही. अशा वेळी प्रथिन त्याच्या जागी पोहोचले आहे की नाही, हे ऊतीवरच पाहावे लागते, आणि आता आमच्याकडे येणारे बरेच नमुने याच प्रश्नासह येतात. त्वचेत अल्फा-५ व्यवस्थित दिसले तरी आजार नाही असे म्हणता येत नाही : काही बदलांत सदोष साखळीही जागेवर पोहोचते, आणि अल्फा-३ किंवा अल्फा-४ च्या जनुकातील दोषात त्वचा मुळातच निरोगी दिसते. हे वाक्य आम्ही प्रत्येक अहवालात निष्कर्षाच्या लगेच खाली, त्याच आकाराच्या अक्षरांत छापतो, आणि मूत्रपिंडाच्या नमुन्यांसाठी आता अल्फा-३ चे प्रतिपिंडही आणले आहे.